अपत्यप्राप्तीतील अडथळे आणि शस्त्रक्रिया

गर्भ राहावयास कोणकोणत्या गोष्टी लागतात याचा विचार आपल्या देशात फार प्राचीन काळी झालेला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशी चार कारणे सांगितली आहेत. शेतात अंकुर फुटण्यास जसा या चारांचा संयोग व्हावा लागतो, तसाच तो गर्भधारणेसही व्हावा लागतो, असा त्याचा भावार्थ. पुढे समाजाने मात्र यांतील तीन कारणे विस्मरणात टाकली आणि सारा दोष एकट्या क्षेत्राच्या माथी मारला. मूल झाले नाही की स्त्रीला वांझ म्हणावयाचे, ओटीभरणाला तिला बोलवावयाचे नाही, आणि तपासणी व्हावयाची तीही तिचीच, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पुरुषाची तपासणी करावी हे कोणाच्या मनातही येत नसे.

आधुनिक वैद्यकाने या प्रश्नाचा उलगडा पुष्कळसा केला आहे. अपत्यहीनता हा शाप नव्हे आणि पूर्वकर्माचे फळही नव्हे. ती एक शारीरिक अवस्था असून तिची कारणे स्त्रीमध्ये, पुरुषामध्ये किंवा दोघांमध्येही असू शकतात. काही वेळा सर्व तपासण्या करूनही कारण सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जगातील सुमारे दर सहा प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी या अडचणीस तोंड द्यावे लागते.

प्रस्तुत पाठात यांपैकी एकाच भागाचा विचार करावयाचा आहे. स्त्रीच्या जननेंद्रियांच्या रचनेत निर्माण होणारे अडथळे कोणते, आणि शस्त्रक्रियेने ते कितपत दूर होतात? या विद्येचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. आरंभी शस्त्रवैद्य रोगट अवयव काढून टाकण्यात कौशल्य मानीत. आज तो अवयव राखून त्याचे कार्य पूर्ववत्‌ करण्यात ते मानतात. शस्त्र केव्हा हाती घ्यावे याइतकेच ते केव्हा खाली ठेवावे हेही या विद्येला कळू लागले आहे.

१. गर्भाचा मार्ग

गर्भाशय हा मुठीएवढा, जाड स्नायूंचा, उलट्या नासपतीच्या आकाराचा अवयव आहे. त्याच्या आतील पोकळीला मऊ अस्तर असते. हेच अस्तर दर महिन्यास जाड होते व गर्भ न राहिल्यास ऋतुस्रावाबरोबर गळून पडते. गर्भाशयाचे खालचे निमुळते टोक म्हणजे गर्भाशयाचे मुख. वरच्या दोन कोपऱ्यांतून दोन गर्भनलिका निघतात. प्रत्येक नलिकेची लांबी सुमारे दहा सेंटिमीटर असते, परंतु गर्भाशयाजवळ तिचे छिद्र एक मिलिमीटरहूनही बारीक असते. नलिकेच्या मोकळ्या टोकाला झालरीसारखे बोटके असतात व त्यांच्या शेजारी अंडाशय असतो. इटलीतील पादुआचे शरीररचनातज्ज्ञ गाब्रिएले फालोपिओ यांनी १५६१ साली या नलिकांचे यथातथ्य वर्णन केले.

दर महिन्यास अंडाशयातून साधारणतः एक स्त्रीबीज बाहेर पडते व झालर ते नलिकेत ओढून घेते. स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. दोहोंची गाठ नलिकेच्या रुंद भागात पडते. फलित बीज नलिकेतील सूक्ष्म केसांच्या व स्नायूंच्या हालचालीने तीन-चार दिवसांत गर्भाशयात उतरते आणि सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास अस्तरात रुजते.

या सर्व प्रवासात नलिका मोकळी हवी, पोकळी सपाट हवी, अस्तर निरोगी हवे, आणि शेवटपर्यंत गर्भाशयाचे मुख मिटलेले राहावयास हवे. यांपैकी जेथे अडथळा येईल तेथे शस्त्रक्रियेचा विचार संभवतो.

२. आधी निदान, मग उपचार

पतिपत्नींचा नियमित सहवास असून व संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता एक वर्षात गर्भ राहिला नाही, तर तपासणीस आरंभ करावा. स्त्रीचे वय पस्तीसपेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांहून अधिक थांबू नये. कारण वयाबरोबर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता दोन्ही घटत जातात, आणि हा ऱ्हास कोणत्याही शस्त्रक्रियेने भरून निघत नाही.

पहिल्या तपासण्यांत पुरुषाच्या वीर्याची तपासणी अवश्य असावी. ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि तीत कसलाही धोका नाही. ती न करता स्त्रीला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेणे म्हणजे घराची किल्ली खिशात आहे की नाही हे न पाहताच कुलूप फोडण्यासारखे आहे.

नलिका मोकळी आहे की नाही हे पूर्वी पोट उघडल्याखेरीज कळत नसे. न्यूयॉर्कचे डॉक्टर इसिडोर रुबिन यांनी १९१९-२० च्या सुमारास एक युक्ती काढली. त्यांनी गर्भाशयाच्या मुखातून मंद दाबाने वायू सोडला. नलिका मोकळ्या असतील तर वायू पोटाच्या पोकळीत शिरे, आणि रुग्ण उठून बसताच तिच्या खांद्यात कळ येई. वायू वर चढून श्वासपटलाखाली साचल्यामुळे ती कळ येत असे. खांदा दुखला तर नलिका मोकळी, असे हे साधे गमक होते.

आज क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य गर्भाशयात सोडून छायाचित्र घेतात. ही तपासणी पाळी संपल्यानंतर व स्त्रीबीज सुटण्यापूर्वी करावी लागते. सोनोग्राफीने गाठी व अंडाशय दिसतात. अधिक खात्री हवी असल्यास बेंबीजवळ लहान छेद घेऊन पोटात दुर्बीण घालतात. पॅरिसचे डॉक्टर राउल पामर यांनी विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात ही पद्धत स्त्रीरोगांसाठी वापरात आणली. दुर्बिणीतून पाहत असता गर्भाशयातून निळे द्रव्य सोडतात. नलिकेच्या झालरीतून निळा थेंब बाहेर पडताना दिसला की मार्ग मोकळा आहे हे प्रत्यक्ष डोळ्यांनीच कळते. दुसरी एक बारीक दुर्बीण गर्भाशयाच्या मुखातून थेट पोकळीत जाते. तिला छेदाचीही गरज नसते.

३. बंद झालेल्या गर्भनलिका

नलिका बंद होण्याचे मुख्य कारण म्हणजे जंतुसंसर्ग. लैंगिक संबंधातून होणारे संसर्ग, अस्वच्छ रीतीने केलेला गर्भपात, प्रसूतीनंतरचा ज्वर, किंवा फुटलेले आंत्रपुच्छ यांमुळे नलिका आतून सुजते, तिच्या भिंती चिकटतात आणि झालर मिटून जाते. मिटलेल्या नलिकेत पाणी साचून ती फुगते.

आपल्या देशात या कारणांत क्षयरोगाची भर पडते. क्षयाचे जंतू बहुधा फुफ्फुसांतून रक्तावाटे नलिकांत पोहोचतात व तेथे वर्षानुवर्षे दडून राहतात. स्त्रीला खोकला नसतो, कित्येकदा तापही नसतो. पाळी कमी होते किंवा मूल होत नाही एवढेच लक्षण असते. येथे शस्त्राचे काम अत्यल्प असते. रोग जिवंत असताना चिकटलेल्या आतड्यांमध्ये शस्त्र चालविणे धोक्याचे ठरते. खरा उपचार म्हणजे क्षयाची औषधे. ती साधारणतः सहा महिने, एकही दिवस न चुकविता घ्यावयाची असतात, आणि राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात ती विनामूल्य मिळतात. रोग लवकर ओळखला तर काही स्त्रियांना पुढे मूल होते. नलिका व अस्तर एकदा नष्ट झाले तर ते परत येत नाही.

दुसरा प्रकार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी, किंबहुना पुष्कळींनी ऐन तरुण वयातच, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. पुढे एखादे मूल दगावते, किंवा वैधव्यानंतर पुनर्विवाह होतो, आणि बांधलेल्या नलिका पुन्हा जोडाव्यात अशी इच्छा उत्पन्न होते. १९७० नंतरच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने नलिका जोडण्याचे तंत्र विकसित झाले. ज्या शस्त्रक्रियेत रबरी कडे किंवा चाप बसविलेला असतो, तीत नलिकेचा थोडाच भाग नष्ट होतो व जोडणीस यश अधिक येते. नलिकेचा मोठा भाग कापलेला किंवा जाळलेला असल्यास आशा कमी. जोडणीनंतर गर्भ राहिला तर तो नलिकेतच अडकण्याचा संभव असतो. म्हणून पाळी चुकताच सोनोग्राफी करून गर्भाची जागा पाहून घेणे अगत्याचे आहे. अशा नलिकेतील गर्भाने प्राणावर बेतते.

नलिका दुरुस्तीपलीकडे गेल्या असतील तर तो मार्गच टाळावयाचा, ही कल्पना १९७८ साली प्रत्यक्षात आली. ब्रिटनमधील रॉबर्ट एडवर्ड्स व पॅट्रिक स्टेप्टो यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने स्त्रीबीज बाहेर काढून शरीराबाहेर त्याचे फलन घडविले, आणि त्या वर्षीच्या २५ जुलैस बालिकेचा जन्म झाला. तिच्या आईच्या नलिका बंद होत्या. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी तशीच एक बालिका जन्मली. मात्र त्यांच्या कार्याला मान्यता मिळाली ती त्यांच्या मृत्यूनंतर. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या यशाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे मूल जन्मास आले.

या नव्या पद्धतीतही शस्त्रक्रियेला एक स्थान उरले आहे. पाण्याने फुगलेल्या नलिकेतील द्रव गर्भाशयात झिरपून रुजणाऱ्या गर्भास अपाय करतो. अशी नलिका आधी काढून टाकल्यास यश वाढते, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील एका चाचणीने दाखविले. अवयव राखावा हा नियम खरा. परंतु तो अवयव जेव्हा गर्भालाच मारक ठरतो, तेव्हा नियमाला अपवाद करावा लागतो.

४. गर्भाशयाच्या गाठी

गर्भाशयाच्या स्नायूंत तंतुमय गाठी होणे ही अतिशय सामान्य गोष्ट आहे. या गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. त्यांची अपायकारकता आकारापेक्षा जागेवर अवलंबून असते. पोकळीत डोकावणारी गाठ लहान असली तरी गर्भास रुजू देत नाही. बाहेरच्या बाजूस लोंबणारी गाठ लिंबाएवढी असली तरी बहुधा निरुपद्रवी असते. स्नायूंच्या मधोमध असलेल्या गाठीविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. म्हणून सोनोग्राफीच्या अहवालात 'गाठ' हा शब्द दिसताच घाबरून शस्त्रक्रियेची घाई करू नये. ती कोठे आहे हा पहिला प्रश्न विचारावा.

एके काळी गाठ म्हटली की संपूर्ण गर्भाशयच काढीत. लंडनचे शस्त्रवैद्य व्हिक्टर बॉनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रूढीविरुद्ध मोहीम उघडली. त्यांच्या स्वतःच्या पत्नीचे गर्भाशय अशा गाठींमुळे काढावे लागले होते, आणि हे दांपत्य अपत्यहीन राहिले होते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या तात्पुरत्या दाबून धरणारा चिमटा त्यांनी तयार केला. रक्तस्राव आटोक्यात आल्यामुळे एकेक गाठ सोलून काढून गर्भाशय पुन्हा शिवणे शक्य झाले. आज हीच शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीतून करतात. पोकळीतील गाठ गर्भाशयाच्या मुखावाटे काढतात. स्नायूंवर खोल टाके पडले असल्यास जखम भरून येईपर्यंत काही महिने गर्भधारणा टाळावी लागते, आणि पुढील प्रसूती कोणत्या मार्गाने करावयाची हे डॉक्टर त्या व्रणाचा विचार करून ठरवितात.

हा प्रश्न केवळ इतिहासातला नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीस जाणाऱ्या तरुण स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ साली महाराष्ट्र शासनाने चौकशी समिती नेमली. देशातील अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रियांविषयी सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली राज्यांना निर्देश दिले. गर्भाशय गेले की संततीची आशा कायमची संपते. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला ठाऊक असावयास हवा.

५. अस्तर जेव्हा जागा सोडते

काही स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशीरचना गर्भाशयाबाहेर, अंडाशयावर किंवा पोटाच्या आतील पडद्यावर आढळते. या विकारास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अमेरिकेतील ऑल्बनी येथील डॉ. जॉन सॅम्प्सन यांनी १९२१ पासून त्याचा सखोल अभ्यास केला. पाळीचे रक्त काही अंशी नलिकांतून उलटे पोटात जाते व त्याबरोबर गेलेल्या पेशी तेथे रुजतात, अशी उपपत्ती त्यांनी १९२७ साली मांडली. ती आजही बहुतांशी मान्य आहे, जरी तिने सर्व गोष्टींचा खुलासा होत नसला तरी. दर महिन्यास या जागीही रक्तस्राव होतो. ते रक्त बाहेर पडू शकत नाही, त्यामुळे अवयव एकमेकांस चिकटतात व अंडाशयात काळपट, चॉकलेटी रक्ताच्या गाठी तयार होतात.

जगातील प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार असतो. तरीही निदानास वर्षे लागतात. कारण पाळीत असह्य कळा येणे हे बायकांच्या जन्माचे भोगणेच आहे, असे घरात मुलीला सांगितले जाते. ज्या वेदनेने मुलगी शाळेत जाऊ शकत नाही, ती वेदना स्वाभाविक नव्हे.

विकार सौम्य असल्यास दुर्बिणीतून ती स्थाने नष्ट केल्याने लाभ होतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील चाचणीत असे उपचार झालेल्यांपैकी ३१ टक्के, तर केवळ दुर्बिणीने तपासणी झालेल्यांपैकी १८ टक्के स्त्रियांना छत्तीस आठवड्यांच्या काळात गर्भ राहिला. अंडाशयातील गाठ काढताना मात्र तिच्या आवरणाबरोबर निरोगी स्त्रीबीजेही जातात. वारंवार शस्त्रक्रिया केल्याने अंडाशयाचा साठाच रिता होऊ शकतो.

६. पोकळीतील पडदे आणि अंडाशयाचे विकार

गर्भपातानंतर किंवा प्रसूतीनंतर गर्भाशय खरवडताना अस्तराच्या तळास इजा झाली, तर पोकळीच्या भिंती एकमेकींस चिकटतात. या अवस्थेचे सविस्तर वर्णन जोसेफ ॲशरमन यांनी १९४८ साली केले. दुर्बिणीतून हे चिकटलेले भाग सोडविता येतात. काही स्त्रियांच्या गर्भाशयात जन्मतःच मधोमध पडदा असतो. तो कापणे सोपे आहे. परंतु त्यामुळे जिवंत बाळांचा जन्म वाढतो असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत दिसले नाही. जे करता येते ते करावयासच हवे असे नाही, हा धडा त्यातून मिळतो.

अंडाशयात अनेक लहान पुटिका राहून स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा विकार शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल यांनी १९३५ साली वर्णिला. त्या काळी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढीत, व कित्येक स्त्रियांना त्यानंतर पाळी सुरू होई. आज वजन आटोक्यात आणणे व लेट्रोझोलसारख्या गोळ्या हा पहिला उपाय आहे. त्यांना यश न आल्यासच दुर्बिणीतून अंडाशयास सूक्ष्म छिद्रे पाडण्याचा विचार होतो. एके काळी शस्त्राचे असलेले क्षेत्र औषधाने कसे घेतले, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

७. शिरोडकरांचा टाका

गर्भ राहणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो टिकणेही. काही स्त्रियांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात, फारशा कळा न येता पडतो, आणि असे पुनःपुन्हा घडते. गर्भाशयाचे मुख गर्भाचा भार पेलण्यास असमर्थ असते, हे त्याचे एक कारण होय. यावर जगभर वापरला गेलेला उपाय मुंबईत जन्मास आला. १८९९ साली गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होते. गर्भारपणातच गर्भाशयाच्या मुखाभोवती, आतील तोंडाच्या पातळीवर, पट्टीसारखा टाका घालून ते आवळून धरण्याची पद्धत त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केली. पिशवीचे तोंड नाडीने आवळावे, तशी ही कल्पना. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातील इयन मॅक्डोनल्ड यांनी तिचे अधिक सोपे रूप मांडले.

सामान्यतः चौथ्या महिन्यात टाका घालतात व दिवस भरत आले की, छत्तीस-सदतिसाव्या आठवड्यात, काढतात. हाही उपाय सर्वांसाठी नव्हे. १९९३ साली पूर्ण झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत असे आढळले की टाका घातलेल्या सुमारे दर पंचवीस स्त्रियांपैकी एकीस त्याचा खरा लाभ झाला. ज्यांचे गर्भ पूर्वी अनेकदा पडले होते त्यांस तो अधिक झाला. योग्य रुग्ण निवडणे हे टाका घालण्याइतकेच कौशल्याचे काम आहे.

८. समारोप

वरील सर्व उदाहरणांतून एकच सूत्र निघते. शस्त्रक्रिया ही रचनेतील दोषाची दुरुस्ती आहे. दोष नेमका कोठे आहे, तो गर्भधारणेच्या खरोखर आड येतो काय, आणि तो दूर करताना दुसरी कोणती हानी होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तिचा निर्णय घ्यावा. क्षयासारख्या रोगात औषध श्रेष्ठ, फुगलेल्या नलिकेत छेदन श्रेष्ठ, निरुपद्रवी गाठीत स्वस्थ राहणे श्रेष्ठ.

इतके करूनही काही दांपत्यांस मूल होत नाही. त्यांत त्या स्त्रीचा अपराध नसतो, तिच्या पतीचाही नसतो. सुश्रुताने चार कारणे सांगितली. विज्ञानाने त्यांचे सूक्ष्म भेद दाखविले. त्या सर्वांचे ओझे एकट्या स्त्रीच्या पदरात टाकण्याचे कारण शास्त्राने कधीच दिले नव्हते. हे ज्या घरात समजले, तेथे तपासणीस दोघेही जातील, वेळेवर जातील, आणि कोणताही निर्णय घेताना तिच्या शरीराविषयी शेवटचा शब्द तिचा असेल.